अंगणातली जुनी नाणी आणि मेटल डिटेक्टर: मशीन सुरू करण्याआधी

मातीचा_वास (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं मी जुन्या घरांच्या अंगणात आणि परसात मेटल डिटेक्टर फिरवतोय. समुद्रकिनारे आणि नांगरलेली शेतं यांवर लिहिणारे बरेच आहेत. अंगणावर फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हा धागा.

पहिलंच मोठं अंगण मिळालं तेव्हाची गोष्ट. घर जुनं, अंगण प्रशस्त, घरच्या आजींची परवानगी हातात. मी दोऱ्या बांधून पट्टे आखले आणि दोन दिवस एकेक पट्टा शिस्तीत झाडून काढला. हाती आलं ते असं: पसाभर गंजके खिळे, बाटल्यांची बुचं, एक बिजागरी आणि कुलपाचा अर्धा तुकडा. तिसऱ्या दिवशी सकाळी आजी पायरीवर येऊन बसल्या, थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, तिकडे कशाला शोधतोस? कपड्यांची दोरी इकडे होती."

दोरी नव्हती, खांबही नव्हते. पण त्या उठल्या, भिंतीपासून सहा पावलं चालल्या आणि उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांची सवय पायांत होती. त्या दहा फुटांच्या पट्ट्यात तासाभरात पाच नाणी निघाली. चार तांब्याची आणि एक चांदीचं, नखाएवढं, कडेचे दाते अजून शाबूत. आजींनी ते तळहातावर घेतलं आणि सांगितलं, "ओला कपडा दोरीवर टाकायच्या आधी झटकायचा असतो. मामंजींच्या सदऱ्याच्या खिशात नेहमी काहीतरी राहायचं. टण्णकन उडायचं आणि गवतात जायचं. कोण शोधत बसणार तेव्हा!"

त्या दिवसापासून मी मशीन सगळ्यात शेवटी सुरू करतो. आधी त्या जागेत राहिलेल्या माणसाला विचारायचं: दोरी कुठे होती, झोपाळा कुठे होता, पाणी कुठून भरायचात, संध्याकाळी कुठे बसायचात. त्यानंतर अंगण स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं.

वाचायचं म्हणजे काय, ते थोडं सविस्तर सांगतो. पहिली नजर पायऱ्यांवर. खालची पायरी अर्धी मातीत बुडालेली असेल तर अंगणाची पातळी वर आली आहे. कुणीतरी भर टाकली असेल किंवा पानं कुजून माती वाढली असेल. जुनी नाणी त्या भरावाखाली आहेत आणि कदाचित मशीनच्या आवाक्याबाहेर आहेत. उलट घराचा पाया उघडा पडला असेल तर वरची माती वाहून गेली किंवा काढून नेली, नाणीही तिच्याबरोबर गेली. अशा अंगणात घाम गाळण्यात अर्थ नसतो.

दुसरी नजर झाडावर. जुनं मोठं झाड असेल तर त्याच्या पूर्वेची बाजू आधी. सावली दुपारनंतर तिकडे पडते, आणि माणसं दुपारनंतरच बसतात. बसणारा माणूस पाय पसरतो, आडवा होतो, खिसा सांडतो.

तिसरी नजर गवतावर, तीही कडक उन्हाळ्यात. जिथे गवत सरळ रेषेत आधी पिवळं पडतं तिथे खाली दगड आहेत, म्हणजे बुजलेली पायवाट किंवा पडलेल्या भिंतीचा पाया. फाटकापासून दारापर्यंतचा आजचा रस्ता आणि जुना रस्ता एकच असेल असं नाही. जुन्या पायवाटेच्या दोन्ही कडा, हात-हातभर रुंदीच्या, मी कधीच सोडत नाही.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः चुका लिहा.

---

सर्किट

उत्तम धागा. वाचनखूण साठवली आहे.

नवीन लोकांचा एक समज इथेच दूर करतो. पडद्यावरचा आकडा धातूचं नाव सांगत नाही. कॉइलमधून (मशीनच्या टोकाच्या तबकडीतल्या तारेच्या वेटोळ्यातून) बदलतं चुंबकीय क्षेत्र खाली जातं, धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात, त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि कॉइलचा दुसरा भाग ते टिपतो. मशीन मोजतं ते या परत आलेल्या लहरीचं मागे पडणं. चांदी आणि तांबं विजेचे उत्तम वाहक, त्यांच्यात प्रवाह जास्त वेळ टिकतो, म्हणून आकडा वर जातो. पातळ फॉइलमध्ये तो लगेच विरतो, आकडा खाली. पण वस्तूचा आकार, जाडी आणि मातीतली बैठक यांनीही आकडा बदलतो. त्यामुळे शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची टॅब (उघडायची कडी), निकेल मिसळलेलं नाणं आणि सोन्याची अंगठी हे तिघं आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात शेजारी शेजारी येतात. मशीन महाग घेतलं म्हणून हा गोंधळ मिटत नाही, कारण तो वस्तूंमध्येच आहे.

खोलीचंही तसंच. क्षेत्र जाताना अंतराच्या घनाने क्षीण होतं आणि येतानाही. म्हणजे कॉइलपासून दूर गेल्यावर अंतर दुप्पट झालं की सिग्नल ढोबळमानाने चौसष्टावा हिस्सा उरतो. म्हणून नाण्यासाठी सहा ते दहा इंच ही मर्यादा जवळजवळ सगळ्यांना सारखीच लागते. कॉइल जमिनीपासून दोन इंच वर धरून फिरवणारा माणूस ते दोन इंच फुकट घालवतो.

---

नवशिका_७

मी मागच्या महिन्यात मशीन घेतलं. सेन्सिटिव्हिटी पूर्ण वाढवून ठेवली तर मशीन सतत किणकिणतं. कमी केली तर काहीच मिळत नाही. शेजारच्या काकांचं अंगण आहे, त्यांनी हो म्हटलंय. कुठून सुरुवात करू? लोखंड पूर्ण बंद करून ठेवलं तर चालेल का?

---

मातीचा_वास

@नवशिका_७, तीन गोष्टी करा.

सेन्सिटिव्हिटी मशीन शांत होईपर्यंत कमी करा. किणकिणाटात खोल नाण्याचा बारीक आवाज ऐकूच येत नाही. घरातल्या विजेच्या तारांमुळेही गडबड होते, वायफाय आणि ट्यूबलाइटसुद्धा त्रास देतात. मशीनमध्ये फ्रीक्वेन्सी सरकवायची सोय असेल तर ती वापरा.

ग्राउंड बॅलन्स प्रत्येक अंगणात नव्याने करा. लाल किंवा काळ्या मातीत लोहखनिज भरपूर असतं आणि मशीनला ती मातीच धातू वाटते. धातू नसलेली हातभर जागा शोधायची, कॉइल वर-खाली हलवायची आणि आवाज सपाट होईपर्यंत जुळवायचं.

लोखंडाचा आवाज बंद करू नका. जुन्या घराभोवती खिळे पेरलेले असतात. आवाज बंद केला की खिळे जात नाहीत, फक्त तुम्हाला दिसेनासे होतात, आणि खिळ्याच्या शेजारचं नाणंही त्यांच्यासोबत झाकलं जातं. लोखंडाला खालचा घुमा आवाज ठेवा. त्या घूघू-घूघूमध्ये मध्येच एक स्वच्छ "टिंग" येतो, तोच आपला. अशा जागी मोठी कॉइल काढून सहा इंचांची लावा आणि गोगलगाईच्या गतीने चाला.

आणि काकांना आधी विचारा की तिथे काय काय होतं.

---

खुरपं

गंजलेलं पत्र्याचं बूच फसवतं, आकडा थेट चांदीचा देतं. माझी कसोटी सांगतो. सिग्नल मिळाला की नव्वद अंशांत फिरून दुसऱ्या बाजूने कॉइल फिरवा. नाणं गोल असतं, दोन्हीकडून सारखंच बोलतं. खिळा एका बाजूने गातो आणि दुसऱ्या बाजूने तुटतो. बूच दोन्हीकडून बोलतं, पण पिनपॉइंट केलं, म्हणजे नेमकी जागा धरली, की ती बोटभर सरकते. उभ्या कडेवर रुतलेलं नाणं मात्र अपवाद, ते खिळ्यासारखंच कुजबुजतं. म्हणून शंका आली तर खणा, पण नीट खणा.

नीट म्हणजे असं. पिनपॉइंटरने (हातात धरायच्या छोट्या शोधकाने) मध्य पक्का करायचा. धारदार अरुंद खुरप्याने घोड्याच्या नालेसारखा तीन बाजूंनी काप घ्यायचा, चार इंच खोल तरी. चौथी बाजू कापायची नाही. ती बिजागरीसारखी राहते आणि मुळं तुटत नाहीत. गवताचं झाकण उलटं करायचं, सुटी माती शेजारी कापडावर ओतायची, गवतावर नाही. नाणं निघालं की खड्ड्यात पिनपॉइंटर परत फिरवायचा, दुसरं असतं बरेचदा. मग सगळी माती परत, झाकण बंद, पायाने दाबायचं आणि तांब्याभर पाणी. दुसऱ्या दिवशी मालकाला जागा सापडू नये.

कोरड्या भर उन्हाळ्यात लॉन कापू नका. कितीही नीट बसवलं तरी ते गवत मरतं. पावसानंतर दोन दिवसांनी माती लोण्यासारखी कापली जाते, आणि माझ्या अनुभवात ओल्या मातीत खोल नाणीही जास्त स्पष्ट बोलतात.

---

नाणेवेडा

चांदी शोधणाऱ्यांनी साल लक्षात ठेवावं, म्हणजे घर किती जुनं यावरून अपेक्षा ठरवता येते. अमेरिकेत दहा सेंट आणि पाव डॉलरमध्ये १९६४पर्यंत ९० टक्के चांदी होती, १९६५पासून ती गेली. ब्रिटनने १९२० साली ९२.५ टक्क्यांवरून थेट ५० टक्क्यांवर आणली आणि १९४७मध्ये पूर्ण काढली. आपला ब्रिटिशकालीन रुपया ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा. १९४०मध्ये तो ५० टक्क्यांवर आला आणि १९४७चा रुपया निकेलचा निघाला. दोन्ही महायुद्धांनी बऱ्याच देशांच्या नाण्यांतली चांदी खाल्ली.

या सालांचा मातीत फरक दिसतो. उच्च चांदीचं नाणं शंभर वर्षांनीही पांढरं निघतं. ५० टक्क्यांचं काळपट, कधी हिरवट निघतं आणि आकडाही खाली सरकतो.

---

सांजवेळ

एक बाळबोध प्रश्न. नाणं पडतं वर. मग इतक्या खाली जातं कसं?

---

मातीचा_वास

प्रश्न बाळबोध मुळीच नाही. बरंचसं काम गांडुळांचं. ती खालची माती पोटातून वर आणून टाकतात आणि वरची वस्तू हळूहळू खाली बसते. चार्ल्स डार्विन यांनी १८८१मध्ये हे सविस्तर मांडलं. शेतात पसरलेला चुन्याचा आणि राखेचा थर काही वर्षांनी काही इंच खाली सलग रेषेत सापडतो, हे त्यांनी स्वतः खणून पाहिलं होतं. त्यात दरवर्षी कुजणाऱ्या पानांची भर. त्यामुळे खोलीवरून वय सांगू नये. झाडाखालच्या भुसभुशीत मातीत तीस वर्षांचं नाणं सहा इंचांवर मिळतं आणि तुडवलेल्या पायवाटेत शंभर वर्षांचं दोन इंचांवर.

---

परसबाग

मी दुसऱ्या बाजूने लिहिते आहे. माझ्याकडे मशीन नाही, अंगण आहे.

दोन वर्षांपूर्वी एक जण आला. बोलायला गोड होता, मी हो म्हटलं. मी घरात असताना त्याने सोनचाफ्याच्या बुंध्याशी सात-आठ खड्डे केले. मुळं तोडली आणि माती गवतावर तशीच टाकून गेला. काय मिळालं विचारलं तर "काही नाही" म्हणाला. मी खिडकीतून त्याला काहीतरी पुसून खिशात टाकताना पाहिलं होतं. त्या नाण्याची किंमत किती, याच्याशी मला घेणंदेणं नव्हतं. माझ्या वडिलांच्या हातून पडलेलं असेल तर मला ते एकदा बघायचं होतं. चाफ्याची एक फांदी त्या वर्षी वाळली.

तुमच्या आजींची गोष्ट वाचली म्हणून लिहावंसं वाटलं.

---

मातीचा_वास

@परसबाग, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. वाचून वाईट वाटलं आणि रागही आला.

माझा रिवाज सांगतो. इतरांनी तो घ्यावा अशी कळकळीची विनंती आहे. परवानगी लेखी, आणि ती मालकाची. भाडेकरू हो म्हणाला तरी जमीन त्याची नसते. खणण्याआधी ठरवायचं की मिळालेल्यातलं काय कुणाचं. निघालेली प्रत्येक वस्तू, खिळ्यासकट, एका ताटलीत ठेवायची आणि दिवस संपला की ताटली मालकासमोर धरायची. पहिला हात त्यांचा. आजींच्या घरी पाचही नाणी मी त्यांच्याकडेच ठेवली. माझ्या वहीत त्यांची जागा, खोली आणि आजींनी सांगितलेलं वाक्य आहे. मला त्यात काही कमी पडल्यासारखं वाटत नाही. झाडाच्या बुंध्याजवळ तर मी खणतच नाही, सिग्नल कितीही गोड असो.

---

खुरपं

+१. परसबाग यांचा प्रतिसाद धाग्याच्या डोक्यावर लावायला हवा.

---

वाळूचा_कण

टॅबच्या आकड्यावर मत हवंय. मी मधला पट्टा सरळ सोडून देतो. वीस टॅब खणून एक नाणं मिळवण्यात वेळ जातो.

---

सर्किट

असहमत. सोन्याच्या अंगठ्या नेमक्या तिथेच असतात. किनाऱ्यावर मी सगळं खणतो.

---

मातीचा_वास

किनाऱ्यावर सगळं खणा, लाट खड्डा बुजवते. अंगणात प्रत्येक खड्डा कुणाच्या तरी हिरवळीला पडतो, म्हणून तिथे माझा कल निवडून खणण्याकडे आहे. एक अपवाद. मालकाने हरवलेली अंगठी शोधायला सांगितली असेल तर मधला पट्टा सोडून चालतच नाही. तेव्हा एकेक टॅब खणायची, कंटाळा न करता. दोनदा अशी अंगठी परत देता आली. एक भाजीच्या वाफ्यात होती, जिथे माती कालवताना बोटातून निसटली होती.

---

नाणेवेडा

साफसफाईवर कुणीच लिहिलं नाही, म्हणून माझी चूक लिहितो. परसातून एक तांब्याचं नाणं मिळालं. हिरवट, पण अक्षरं स्पर्शाला लागत होती. मी घाईघाईने चिंचेने चोळलं, वर भांड्यांची पावडर. नाणं लखलखलं आणि साल गेलं. तांब्याच्या जुन्या नाण्यावर अक्षरं बरेचदा त्या हिरव्या थरातच शिल्लक असतात, आतला धातू केव्हाच झिजलेला असतो. थर काढला की मजकूरच काढला. ती पाटी परत लिहिता येत नाही.

आता मी इतकंच करतो. चांदीचं नाणं वाहत्या पाण्याखाली धरायचं, बोटाने घासायचं नाही, कारण मातीतली वाळू ओरखडे पाडते. मग कापडावर टिपून वाळवायचं. तांब्याचं नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवायचं, दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं, आठवडे लागले तरी लागू द्यायचे. माती सुटली की लाकडी टूथपिकने कण कण काढायचा. तेलकटपणा असेल तर ॲसिटोन चालतं, ते धातूला लागत नाही, पण खिडकी उघडी आणि आग लांब. ठेवायला मऊ पीव्हीसीची पाकिटं नकोत, त्यांतून निघणारं द्रव्य नाण्यावर हिरवा चिकट थर आणतं.

आणि संग्राहकाला घासलेलं नाणं दाखवलंत तर तो ते खाली ठेवतो, हे मी पाहिलंय.

---

काळी_आई

कायद्याचं कुणीतरी लिहा. अंगण स्वतःचं असलं तरी मिळालेलं सगळं आपलं होत नाही.

---

सर्किट

देशागणिक वेगळं आहे. भारतात १८७८चा निखात निधी कायदा आहे: जमिनीत लपवून ठेवलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. इंग्लंडमध्ये १९९६चा कायदा: ३०० वर्षांहून जुनी दोन किंवा जास्त सोन्या-चांदीची नाणी एकत्र सापडली तर १४ दिवसांत कळवायचं. संरक्षित स्मारकाच्या आवारात मशीन काढायचंसुद्धा नाही.

खिशातून पडलेलं एकटं नाणं वेगळं आणि मडक्यात पुरलेला साठा वेगळा. एकाच खड्ड्यातून तिसरं-चौथं नाणं यायला लागलं की हात थांबवा. १९९२मध्ये इंग्लंडमधल्या हॉक्सन इथे एरिक लॉज हे मित्राची हरवलेली हातोडी शोधत होते. मिळाला रोमन साठा, सुमारे १५ हजार नाणी. त्यांनी पूर्ण उपसला नाही, कळवलं. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना तो जागेवर, जसा पेटीत भरला होता तसा उकलता आला. हातोडीही मिळाली, आणि ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

---

काळी_आई

धन्यवाद. आणखी एक, जिवाचं आहे म्हणून लिहिते. गॅसची नळी, विजेची केबल, सांडपाण्याची टाकी कुठून जाते हे विचारल्याशिवाय खुरपं घालू नका. माझ्या भावाने बागेच्या पाण्याची नळी कापली. ती पाण्याची होती म्हणून निभावलं. लांबच लांब, एका रेषेत, मोठा एकसलग सिग्नल आला तर ते नाणं नव्हे. आणि काडतूस किंवा तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर हात लावायचा नाही. मागे व्हायचं आणि पोलिसांना कळवायचं.

---

नवशिका_७

आज काकांकडे गेलो होतो. मशीन गाडीतच ठेवलं आणि आधी चहा घेतला. झोपाळा कुठे होता विचारलं. काका बराच वेळ गप्प बसले. मग मला आंब्यापाशी नेलं आणि फांदीवरचे दोरीचे व्रण दाखवले. साल त्यांच्याभोवती फुगून आली आहे. म्हणाले, त्यांचा मोठा भाऊ उलटा लटकायचा आणि खिशातलं सगळं खाली पडायचं.

बुंध्यापासून लांब, फांदीच्या टोकाखाली मशीन लावलं. लोखंडाची घूघू, आणि मधून एक टिंग. फिरून बघितलं, दुसऱ्या बाजूनेही टिंग. चार बोटांवर निघालं. तांब्याचं आहे, एका बाजूला काहीतरी अक्षरं लागतात, दुसरी बाजू पूर्ण मातीने भरलेली. काकांच्या हातात दिलं. ते अजून घेऊन बसलेत. साल वाचायचं आहे त्यांना. काय करू?

---

नाणेवेडा

काहीही घासू नका! डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाका आणि काकांना सांगा, दोन-तीन आठवडे धीर धरा. मग तिरप्या उजेडात, बॅटरी जमिनीलगत धरून बघा. सपाट उजेडात न दिसणारा आकडा तिरप्या उजेडात उठून दिसतो.

---

मातीचा_वास

आणि आज रात्रीच वहीत लिहून ठेवा: आंबा, दोरीच्या व्रणांची फांदी, चार बोटं खोल. भाऊ कोणता, तेही काकांना विचारून लिहा.